सावडीचं ऑनर्स

माझी तान्ही रुपी झोळीत झोपली की मी झोळीची दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवते. हात मोकळे राहतात. पाय हलत राहतो, हात लिहीत राहतो आणि मधलं जे काही अंग उरतं ते तेवढ्यात झोपून घेतं. ऑनर्सचं माझं बरंचसं काम असंच झालं. पाय थांबला की रुपी कुरकुरते. म्हणजे मला डुलकी लागली हे सगळ्यात आधी तिला कळतं.

ऑनर्स म्हणजे पदवीचं चौथं वर्ष. युनिव्हर्सिटीने आमच्यासारख्या डोंगरातल्या गावांसाठी जव्हारला एक वर्ग काढला, बंद पडलेल्या पतपेढीच्या माडीवर. कोणी बी.ए.चं, कोणी बी.एस्सी.चं, सगळ्यांना एका बाकावर बसवायचं आणि एकच गोष्ट चारी बाजूंनी शिकवायची, असा तो अभ्यासक्रम. पाण्याच्या पेपरात खडकही होते आणि पाणवठ्यावरची भांडणंही. ‘अन्न आणि शरीर’ या पेपरात रसायनशास्त्र, दवाखाना, जात्यावरच्या ओव्या, रेशनचं दुकान, सगळं एकाच ताटात. प्रतिभा मॅडम पहिल्याच तासाला म्हणाल्या, “इथे कोणी म्हणायचं नाही की हा माझा विषय नाही.”

मला ते इतकं आवडलं की घरी येऊन मी उमेशला सांगितलं. उमेश माझा नवरा, मोखाड्याला कारकून आहे. तो म्हणाला, “आमच्या हापिसात उलटं. तिथं सगळे तेवढंच म्हणतात.”

सासूबाईंना मी आय म्हणते. त्यांचं नाव माघी. पोशेऱ्याला आमचं घर आहे, थोडी भाताची खाचरं आणि वर माळावर नागली, म्हणजे नाचणी. प्रवेश घेतला तेव्हा आय चुलीपुढून उठल्याही नाहीत. म्हणाल्या, “एक वरीस. गुडघं माझं आता तेवढंच पुरतील. एका वरसात काय शिकायचा ता शीक, मंग पोरीचा आणि शेताचा बघ.” उमेश काही बोलला नाही, म्हणजे तोही तेच म्हणाला. तीन वर्षांची पदवी माझ्याकडे होतीच. हे वर्ष पार पडलं तर पुढे संशोधनाची वाट होती. नाही पडलं तर पुन्हा मागायला तोंड नव्हतं.

रुपी बाटलीने दूध प्यायची नाही, म्हणून तिला वर्गात न्यावं लागे. एसटीत ती उलटी करायची, वर्गात झोपायची आणि मी जागी राहायला पेनाचं टोक तळहातात टोचत असे. ‘शरीर’ या शब्दावर शिकवणारे सर काहीतरी मोठं बोलत असायचे आणि माझं ब्लाउज दुधाने भिजत असायचं. एकदा ती तासात इतकी रडली की मी तिला घेऊन जिन्यात जाऊन बसले. मागून एक मुलगी आली, काही न विचारता तिने रुपीला माझ्याकडून घेतलं, पदराने छातीशी बांधलं आणि म्हणाली, “जा तू. मला तो तास कळत नाय तसाही.”

ती राही. वावर गावाच्या पलीकडे, वांगणीची. वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. झालेली. सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसतं ते ती डोळे मिटून काढून दाखवेल, पण मराठी तिची घरची भाषा नाही. चार ओळींच्या पुढे तिचं लिहिणं अडायचं. माझं उलटं होतं. लिहायला बसले की ओळी येतात. मात्र पाड्यापाड्यावर हिंडायला पाय नाहीत, कारण पायाला झोळीची दोरी.

दोघींनी प्रकल्प शेजारशेजारचे घेतले. माझा होता बाळंतिणीच्या खाण्यावर, म्हणजे आमच्या डोंगरात बाळंतिणीला काय वाढतात, का वाढतात, त्याला काय काय म्हणतात. राहीचा नागलीवर. कुठल्या माळावर कुठली जात लावतात, कुठल्या दाण्यात बळ किती. माझा विषय ऐकून आय म्हणाल्या, “बाळंतीण काय खाते ता शिकाया जव्हार? तुला मीच घातला ना खायाला?”

“त्याचंच लिहिते आय.”

“मंग मीठ कमी होता ता नको लिहू.”

ऐन आवणीत, भाताची लावणी चालू असताना, रुपीला छातीत कफ झाला. दवाखान्यात तिला मांडीवर घेऊन बसले होते, तर राही भिजून चिंब होऊन आली. म्हणाली, “तुझं अडलंय काय?”

“सुकरीची मुलाखत. खोडाळ्याच्या पुढच्या पाड्यावर राहते. तिने किती बाळंतपणं केलीत तिचं तिलाच माहीत नाही. तिच्याशिवाय माझा प्रकल्प उभाच राहत नाही.”

“मी जाते. तू माझा नागलीचा एक भाग लिहून दे मग. कागदावर सगळं टिपलंय, नुसतं मराठी करायचंय. सावड करू.”

सावड आम्हाला कोणी शिकवत नाही. आवणीला आज सगळ्या बाया तुझ्या खाचरात, उद्या सगळ्या माझ्या. मजुरी नाही, हिशोब कोणी ठेवत नाही आणि विसरतही कोणी नाही. आम्हा दोघींना ते इतकं साधं वाटलं की यात विचार करण्यासारखं काही आहे हेच सुचलं नाही. जिचा दिवस तिचं काम. राही माझ्यासाठी सुकरीकडे गेली, आणखीही दोन-चार घरी गेली. मी राहीची नागली लिहिली. एकदा ती माझ्या घरी, एकदा मी तिच्या. मॅडमनी वर्गात सांगितलंच होतं ना, की एका विषयाने दुसऱ्याच्या मदतीला जायचं!

पकडल्या गेलो ते एका वाक्यावरून. राहीने सुकरीकडून आणलेल्या टिपणात होतं : चुलीवर माळा, माळ्यावर नागली, खाली बाळंतिणीची बाज, धूर सगळ्यांना. त्यावरून मी माझ्या प्रकल्पात लिहिलं, ‘धूर नागलीत मुरतो, तसा तो बाळंतिणीच्या केसांतही मुरतो.’ मला ते फार आवडलं होतं. पुढे कधीतरी, राहीचा भाग लिहिताना, दमलेल्या डोक्याला तेच वाक्य पुन्हा नवं म्हणून सुचलं. मी ते तिच्यातही लिहून टाकलं. माझ्या ध्यानातच आलं नाही.

दिवाळीआधीच्या सत्राच्या तोंडी परीक्षेला युनिव्हर्सिटीतून धर्मेंद्र सर आले होते. माडीवरच्या छोट्या खोलीत एकेकीला बोलवणार होते. रुपीला दात येत होते, ती रात्रभर किरकिरली होती. माझ्या आधी राहीचा नंबर होता. ती आत असताना रुपी माझ्याजवळ. ती बाहेर आली, तिने हात पुढे केले, मी रुपी दिली. राहीचा चेहरा कसातरीच होता. विचारणार एवढ्यात प्रतिभा मॅडमनी मला गॅलरीच्या टोकाला नेलं.

“हर्षदा, दोन्ही प्रकल्पांत एक वाक्य सारखं आहे. सरांनी खूण केलीय. एकच कशाला, राहीचा निम्मा प्रकल्प तुझ्या वळणाचा आहे.” मॅडमच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. त्यांच्याही घरी कोणीतरी आजारी होतं असं ऐकलं होतं. “लिखाण तुझं आहे हे मी ओळखते. तू एवढंच सांग, की तुझं लिखाण तिने घेतलं. तू सुटशील. तिला पुढच्या वर्षी पुन्हा करता येईल. तिला मूलबाळ नाही, तिला जमेल. तुला पुढचं वर्ष मिळणार नाही, हे तूच मला सांगितलंयस.”

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला चांगुलपणा वगैरे काही सुचलं नाही. एवढंच वाटलं, की ‘हो’ म्हटलं तर आज घरी जाऊन झोपता येईल.

मॅडमच्या मागोमाग आत गेले. धर्मेंद्र सर चष्मा कपाळावर सरकवून बसले होते. दोन्ही प्रकल्प पुढ्यात उघडे.

“‘धूर नागलीत मुरतो...’ छान आहे. कोणाचं?”

“माझं, सर.”

“मग हे इथे कसं आलं?”

दाराबाहेर रुपी रडायला लागली. तो रडण्याचा पहिला सूर असतो, तो ऐकला की माझ्या छातीत कळ येते. मग राहीचा आवाज आला, तिच्या घरच्या भाषेतलं काहीतरी, हलक्या चालीवर. रुपी गप्प झाली. जिन्याच्या पायऱ्यांवर राहीच्या चपला वरखाली वाजत राहिल्या. आता माझा नंबर होता म्हणून पोर तिच्याकडे होती. आधी तिचा नंबर होता तेव्हा माझ्याकडे.

“सर, सुकरीबाईंच्या घरी मी गेलेच नाही,” मी म्हणाले. “राही गेली होती. आणि राहीच्या नागलीचं लिखाण मी केलं. आम्ही सावड केली.”

मॅडमनी मान खाली घातली.

“सावड?”

मी सांगितलं. सर ऐकत राहिले. मग म्हणाले, “आमच्याकडे याला वारंगुळा म्हणतात. माझे आईवडील वारंगुळ्यानेच शेती करायचे.” मला जरा धीर आला. तेवढ्यात ते पुढे म्हणाले, “पण मला एक सांगा. वारंगुळ्यात हात दहा जणांचे असले तरी शेत ज्याचं त्याचंच राहतं ना? पीक त्याच्याच घरी जातं. त्या शेतकऱ्याला आपल्या शेताचा कोपरान्‌कोपरा ठाऊक असतो. तुम्ही सुकरीबाईंना पाहिलंही नाही. तुमच्या नागलीच्या मैत्रिणीला तिचं स्वतःचं दुसरं पान मघाशी वाचून समजावून सांगता आलं नाही. मग यातलं तुमचं शेत कोणतं आणि तिचं कोणतं?”

मी पुढ्यातल्या दोन्ही प्रकल्पांकडे बघत राहिले. सर खिजवत नव्हते, खरंच विचारत होते.

बराच वेळ सर आणि मॅडम हळू आवाजात बोलत राहिले. शेवटी ठरलं ते असं : दोघींवरही शेरा नाही. दिवाळीची सुट्टी संपून वर्ग उघडेल त्या दिवशी दोघींनी आपापला प्रकल्प पुन्हा द्यायचा. मुलाखती माझ्या मी घ्यायच्या. लिखाण राहीचं राहीने करायचं, जसं जमेल तसं. दोन्हींत एक ओळ जरी उसनी दिसली तरी वर्ष गेलं.

एसटीत राही खिडकीबाहेर बघत होती. रुपी तिच्या खांद्यावर झोपली होती.

“तू कशाला बोललीस?” ती म्हणाली. “मॅडम तुला काय सांगत होत्या ते मला दिसत होतं. सुटली असतीस येडे.”

“आणि तू?”

“मला आत काय विचारलं माहितेय? एवढं चांगलं मराठी तुझं आहे का? मी नाय म्हटलं. नायच आहे ना. पण लागलं गं.” मग थोड्या वेळाने, “तुझी पोर माझ्या अंगावर मुतली.”

“प्रेम आहे तिचं.”

“असू दे. पुढल्या वेळी कमी प्रेम कर म्हणावं.”

दोघी हसलो, पण हसायलाही दम लागत होता. दिवाळी तोंडावर होती आणि नागली माळावर पिकून उभी. राहीचे आईबाप दिवाळी झाली की वीटभट्टीवर जातात. ते जायच्या आत त्यांची नागली घरात यायला हवी होती. आमच्याकडे आय आणि त्यांचे गुडघे.

घरी सांगितलं तेव्हा आयनी नुसतं विळ्याकडे बघितलं. “म्हंजे परत हिंडायचा. आणि कापायचा कोणी? उमेस खुर्चीवरून कापणार?”

उमेश म्हणाला, “रविवारी कापीन की.”

“पाखरांना सांग मंग, रविवारपर्यंत थांबा.”

मी रुपीला पाजत बसले होते. भांडायचं त्राण नव्हतं आणि आय खोटं काहीच बोलत नव्हत्या. वर्ष इथेच संपलं असं मी मनातल्या मनात म्हणून पाहिलं. दुखलं नाही, एवढी मी दमले होते. दुखणार उद्या, हे माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी उन्हं अंगणात आली तशी राही दारात उभी. कमरेला विळा खोचलेला, डोक्याला फडकं.

“आय, नागली कुठल्या माळावर तुमची?” तिने विचारलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “कागदाची सावड नको म्हणाले ना सर? शेताची नको असं कुठं म्हणाले? मी कापते. तू जा सुकरीकडं. मग तू माझ्याकडं कापायला येशील, मी लिहीन.”

आयनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “जेवलीस का?”

“नाय.”

“मंग आधी बस. उपाशी पोरीच्या हातून माझी नागली नको कापाया.” आणि मला म्हणाल्या, “तू कशाला उभी? तुझी गाडी जाईल.”

रुपीला पोटाशी बांधून मी खोडाळ्याला उतरले आणि पुढे चालत गेले. ऊन डोक्यावर आलं होतं. सुकरीचं घर पाड्याच्या शेवटाला होतं. ती अंगणात सुपाने पाखडत बसली होती. मी कोण, कशाला आले, सगळं सांगितलं.

“एक आलेली ना मागं? तिला सांगितला मी सगळा,” सुकरी म्हणाली. “ती विसरली का?”

“नाही. मला तुमच्या तोंडून ऐकायचंय.”

“मला का वेगळी तोंडं हायत?” पण तिने सूप बाजूला ठेवलं. “पोर कितीची?”

“दात येतायत.”

“आणि तू काय खातेस?”

मी वही उघडत होते. तिचा प्रश्न ऐकून हात थांबला. सकाळी काय खाल्लं ते आठवेना. इतके महिने मी बाळंतिणीच्या खाण्यावर लिहीत होते. कशाने दूध येतं, कशाने कमरेत बळ येतं, सगळं पाठ होतं. माझं ताट मात्र चुलीजवळ झाकलेलं राहायचं आणि मी ते संध्याकाळी म्हशीला घालायचे.

सुकरीने मला आत नेलं. आत अंधार, चूल, वर माळा. टिपणात लिहिलं होतं अगदी तसंच, तरी तसं मुळीच नव्हतं. धूर डोळ्यांना झोंबत होता, हे टिपणात नव्हतं. तिने नागलीची पेज केली, मीठ घातलं, वाडगा हातात दिला आणि रुपीला माझ्या अंगावरून सोडवून घेतलं. “आधी खा. मंग विचार तुला काय विचारायचा ता.”

पेज गरम होती. दोन घोट घेतले आणि भिंतीला डोकं टेकलं, एवढंच आठवतं. जाग आली तेव्हा उन्हं दारातून आत तिरपी आली होती. अंगावर एक गोधडी. सुकरी बाहेर रुपीला मांडीवर उताणी टाकून तिच्या पायांना तेल चोळत होती आणि रुपी खुशाल होती.

“तुमचा वेळ घेतला,” मी ओशाळून म्हणाले.

“झोपलीस त्यात माझा काय गेला?” ती म्हणाली. “बाळंतिणीला पेज नंतर, आधी झोप. ता लिहिलास का?”

नव्हतं लिहिलं. राहीच्या टिपणातही नव्हतं, कारण राही तिथे झोपली नव्हती. मी वही पुढे ओढली आणि विचारायला लागले. पहिल्यांदाच मला काय विचारायचं ते कळत होतं. झोपताना बाळंतिणीजवळ कोण बसतं, पोर कोण घेतं, घरात दुसरी बाई नसली तर काय करतात.

परतीच्या गाडीत केस तोंडावर आले. धुराचा वास येत होता. मी ती बट बराच वेळ नाकाशी धरून बसले. ते वाक्य प्रकल्पातून काढून टाकायचं मी ठरवलं होतं. आता नाही काढणार. राहीच्यातून जाईल, माझ्यात राहील.

मग वांगणी. राहीचा माळ चांगलाच चढाचा आहे, एक पाय वर आणि एक खाली ठेवून कापावं लागतं. कणसं खुडून टोपलीत टाकायची आणि सरकायचं. दुपार होईतो माझ्या कमरेत काही उरलं नव्हतं. हात काळे झाले होते. खाली मोहाच्या फांदीला रुपीची झोळी बांधली होती. बुंध्याशी राही मांडीवर कागद घेऊन बसली होती, दोरी पायाच्या अंगठ्यात. ती दोन शब्द लिहायची, एक खोडायची, पेन चावायची. एक अख्खी ओळ लिहायला तिला जितका वेळ लागत होता तेवढ्यात मी एक टोपली भरत होते.

“हर्षदा!” तिने हाक मारली. “कणीस सुकताना मुठीसारखं मिटतं ना, त्याला मराठीत काय लिहू?”

माझ्या जिभेवर आलं होतं. चांगलं होतं, मलाच वापरावंसं वाटलं असतं असं. मी दातांखाली दाबून धरलं.

“तुझ्या घरी काय म्हणतात?”

तिने एक शब्द सांगितला. मी तो कधी ऐकला नव्हता.

“तोच लिही.”

“सरांना कळणार नाय.”

“मग त्याच्यापुढे लिही, कसा दिसतो ते. तू पाहिलंयस ना?”

ती कुरकुरत वाकली. पेन कागदावर हळूहळू चालू लागलं. मी पुढचं कणीस धरलं. नागलीच्या बारीक भुश्याने मान खाजत होती, डोळे उभ्या उभ्याच मिटत होते. दिवाळीनंतर काय व्हायचं ते होईल. आज हिची नागली, उद्या माझं लिखाण, परवा पुन्हा हिचं.

झोळीतून रुपीचा तो पहिला सूर आला. वळून बघितलं तर राही लिहिण्यात पार बुडाली होती, पाय थांबला होता.

“राही, पाय!”

“हाय, हाय,” ती मान वर न करता म्हणाली, आणि दोरी पुन्हा हलू लागली.